हौशी विमानांचे अपघात : दोष इंजिनाचाच असतो का?

अमेरिकेत हौशी माणसाने निम्म्याहून अधिक काम स्वतः करून उभारलेल्या विमानाला ‘प्रायोगिक’ वर्गात उड्डाणाची परवानगी मिळते आणि त्यात फोक्सवागन, कॉर्वेअर किंवा सुबारू अशा मोटारीचे इंजिन बसवण्यास कायद्याची आडकाठी नसते. असे विमान कोसळले की मोटारीचे इंजिन हवेत टिकणारच नव्हते, असा निष्कर्ष परस्पर काढला जातो. उड्डाणात इंजिनाची शक्ती जाणे आणि विमानावरील ताबा सुटणे ही हौशी विमानांच्या अपघातांची दोन प्रमुख रूपे असल्याचे अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ च्या अभ्यासात नोंदवले आहे; परंतु शक्ती जाणे म्हणजे इंजिन मोडणे नव्हे. इंधनाच्या नळीत हवा किंवा वाफ अडकली, पाणी थंड करणारा रेडिएटर अपुरा पडला, किंवा ठिणगी आणि इंधनाचा पंप ज्या एकाच बॅटरीवर चालतात ती उतरली, तरी निर्दोष इंजिन बंद पडते. विमानाच्या पारंपरिक इंजिनात मॅग्नेटो स्वतःच वीज निर्माण करत असल्याने हे शेवटचे संकट तेथे सहसा ओढवत नाही.

याच्या उलट, रस्त्यावर लाखो किलोमीटर चाललेले इंजिन हवेतही तसेच चालेल, हाही भ्रमच होय, कारण मोटार बहुतेक वेळ शक्तीचा लहानसा अंश वापरते, तर विमानाला तासन्‌तास निम्म्याहून बरीच अधिक शक्ती लागते. शिवाय प्रोपेलर थेट क्रँकशाफ्टला जोडला, तर त्याचे हेलकावे शाफ्टला वाकवू पाहतात. कॉर्वेअर इंजिनांत शाफ्ट तुटू लागल्यावर पुढे जादा बेअरिंग बसवण्याची पद्धत त्यामुळेच रूढ झाली. तुटलेल्या पृष्ठभागावर भरती-ओहोटीच्या रेषांसारखे वळ दिसले, तर तडा आदळण्यापूर्वीपासून वाढत होता, असे तपासनीस मानतात.

प्रोपेलरची पाती शाबूत असली म्हणजे इंजिन बंद होते, हा तर्कही सरसकट लागू होत नाही, कारण मोटारीच्या इंजिनाचे फेरे कमी करण्यासाठी अनेकदा मध्ये पट्टा किंवा गिअर असतो आणि तो तुटल्यास इंजिन धडधडत राहूनही प्रोपेलर निकामी होतो. म्हणून येथे दोन्हींची तपासणी स्वतंत्रपणे करावी लागते.

प्रमाणित इंजिन असले की धोका टळला, या समजुतीला १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे उपसागरात कोसळलेले गायक जॉन डेन्व्हर यांचे लाँग-ईझेड विमान हे ठळक उत्तर आहे. इंजिन लायकमिंगचे, म्हणजे विमानासाठीच घडवलेले. मात्र इंधनाची टाकी बदलण्याची मूठ मूळ आराखड्यानुसार पायांमध्ये न ठेवता बांधणाऱ्याने वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवली होती. तिच्यावर कसलीही खूण नव्हती, शिवाय निघताना इंधन भरलेले नव्हते. मूठ फिरवण्यासाठी मागे वळताना उजवा रडर नकळत दाबला जाऊन ताबा सुटला, असे मंडळाने ठरवले. हे विमान डेन्व्हर यांनी तयार विकत घेतले होते, ही बाबही दुय्यम नव्हे : २०११ मध्ये अपघात झालेल्या हौशी विमानांपैकी निम्म्याहून अधिक दुसऱ्याने बांधलेली, वापरलेली विमाने होती.

परवानगीपूर्वी इंधनव्यवस्थेची प्रत्यक्ष चाचणी घ्यावी, ही शिफारस २०१२ च्या त्याच अभ्यासातून पुढे आली.