कर्त्या पुरुषाच्या घरात : वसंत कानेटकरांची नाटके

नाशिकने मराठी रंगभूमीला दोन वर्षांच्या अंतराने दोन म्हातारे दिले. १९७० मध्ये शिरवाडकरांचा गणपतराव बेलवलकर आणि १९७२ मध्ये वसंत कानेटकरांचा नानासाहेब भानू. दोन्ही भूमिका डॉ. श्रीराम लागूंच्या, आणि दोन्हीकडे बायकोच्या भूमिकेत शांता जोग. त्यातल्या ‘नटसम्राट’वर उदंड लिहिले गेले. कानेटकरांचा हिशेब मात्र ‘लोकप्रिय नाटककार’ या दोन शब्दांत उरकला जातो.

जन्म रहिमतपूरचा, वडील रविकिरण मंडळातले कवी गिरीश. शिक्षण सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात आणि नोकरी नाशिकच्या एचपीटी महाविद्यालयात, इंग्रजीच्या प्राध्यापकाची. सुरुवात कादंबरीने झाली. ‘घर’, ‘पंख’, ‘पोरका’ ही तेव्हाची नावे. मास्तरकी सांभाळत कादंबरी आणि नाटक दोन्ही लिहिणारा अमेरिकेतला थॉर्नटन वाइल्डर दोन्हीकडे पुलित्झर मिळवून गेला. कानेटकरांच्या कादंबऱ्या मात्र मागे पडल्या. तरी त्यांतले घर सुटले नाही. ते रंगमंचावर आले.

१९५७ चे ‘वेड्याचं घर उन्हात’ पुण्याच्या पीडीए या नाट्यसंस्थेने केले. मन ढासळलेला कर्ता पुरुष आणि त्याच्या सावटाखालची माणसे हा त्याचा विषय. पुढची कितीतरी नाटके याच विषयाची रूपे आहेत. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ (१९६२) मध्ये लढाई नाही, मोहीम नाही. आहे तो राज्याभिषेकानंतरचा घरातला कलह : सोयराबाई, प्रधान, आणि बापाला न उमगलेला संभाजी. मास्टर दत्तारामांचे शिवाजी आणि काशिनाथ घाणेकरांचा संभाजी समोरासमोर उभे राहिले की छत्रपती मागे सरत आणि मुलापुढे हतबल झालेला बाप दिसे. ऐतिहासिक नाटकाला त्यांनी असे माजघरात आणले.

‘अश्रूंची झाली फुले’ (१९६६) मध्ये बाप-लेकाच्या जागी गुरू-शिष्य आले. सचोटीचे प्राचार्य विद्यानंद संस्थाचालकांच्या कारस्थानात तुरुंगात जातात आणि गुन्हेगार होऊन बाहेर पडतात. त्यांचा वाया गेलेला विद्यार्थी लाल्या पोलीस अधिकारी होतो. या कथेवर हिंदीत ‘आँसू बन गये फूल’ निघाला आणि कानेटकरांना फिल्मफेअर मिळाले.

माझ्या मते कानेटकरांचे सर्वांत कसदार नाटक नानासाहेब भानूंचे, म्हणजे ‘हिमालयाची सावली’. धोंडो केशव कर्व्यांच्या चरित्राचा आधार. पण प्रश्न भानूंच्या बायकोचा, बयोचा. नवरा जगासाठी झिजतो, पैसा संस्थेला जातो, आणि चूल पेटवायची तिने. तिची फटकळ, कोकणी वळणाची भाषा भानूंच्या थोरवीला पावलोपावली टाचणी लावते. आणि नवरा अंथरुणाला खिळल्यावर हीच बाई त्याची आई होते. थोर माणसाच्या थोरपणाचे बिल कोण भरते, हे इतक्या रोखठोकपणे मराठीत क्वचितच विचारले गेले.

दोष आहेतच. टाळीचे वाक्य दिसले की कानेटकरांना मोह आवरत नाही. योगायोग हवे तेव्हा हजर होतात. पण हाच हात ‘प्रेमा तुझा रंग कसा’, ‘लेकुरे उदंड जाहली’ असा निखळ विनोदही लिहीत होता, आणि ‘मत्स्यगंधा’सारखे संगीत नाटकही, ज्याला अभिषेकींचे संगीत लाभले. १९८८ चे ठाण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद आणि १९९२ ची पद्मश्री यथावकाश आलीच.

‘हिमालयाची सावली’ २०१९ मध्ये शरद पोंक्षेंना घेऊन पुन्हा रंगभूमीवर आले. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या नाशिकच्या मंडळींनी आता ‘वेड्याचं घर उन्हात’ही काढावे. टाळ्यांपूर्वीचा कानेटकर त्यात सापडतो, आणि तोच जास्त टिकाऊ आहे.