परवानगी कोणाची? विद्यापीठाचे नेटवर्क आणि एक खटला

विद्यापीठात प्रवेश घेताना विद्यार्थी ज्या कागदांवर न वाचता सही करतो, त्यांतला एक संगणक आणि नेटवर्कच्या वापराचा असतो. हल्ली तो कागदही राहिलेला नाही. पडद्यावर 'मान्य आहे' अशी चौकट येते, तिच्यावर टिचकी मारली की वाय-फाय सुरू होते. पासवर्ड दुसऱ्याला देऊ नये, खासगी धंद्यासाठी वापर करू नये, इतरांच्या कामात अडथळा आणू नये, ग्रंथालयाच्या डेटाबेसमधून लेख घाऊक उतरवून घेऊ नयेत, असे साधारण त्याचे स्वरूप असते. वसतिगृहाच्या नियमांसारखीच ही घरगुती शिस्त वाटते. पण ती मोडली तर नेमके काय होते?

याचे उत्तर तीन थरांत आहे. पहिला थर विद्यापीठाच्या स्वतःच्या नियमांचा. तो मोडला तर समज मिळते, खाते बंद होते, फार तर शिस्तपालन समितीपुढे उभे राहावे लागते. दुसरा थर विद्यापीठाने प्रकाशकांशी केलेल्या कराराचा. त्यात कोणी वाचायचे, किती उतरवायचे, हे ठरलेले असते. वाचकाने हा करार बहुधा पाहिलेलाही नसतो, पण तो त्याला लागू असतो. तिसरा थर देशाच्या फौजदारी कायद्याचा. हे तीन थर वेगळे ठेवले नाहीत तर काय होते, हे ॲरन स्वार्ट्झच्या खटल्यातून दिसले.

हा प्रसंग मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे अमेरिकेतील एमआयटीमध्ये घडला. तिथले नेटवर्क मुद्दाम मोकळे ठेवलेले होते. बाहेरून आलेल्या पाहुण्यालाही नाव नोंदवून वर्षातले १४ दिवस ते वापरता येई. त्या नेटवर्कवर आलेल्या माणसाला जेस्टॉर हा शोधनिबंधांचा मोठा संग्रहही वाचता येत असे. स्वार्ट्झ एमआयटीचा विद्यार्थी नव्हता. तो शेजारच्या हार्वर्ड विद्यापीठात फेलो होता. सप्टेंबर २०१० मध्ये त्याने पाहुणा म्हणून टोपणनावाने लॅपटॉप नोंदवला आणि स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमने जेस्टॉरमधले निबंध उतरवायला सुरुवात केली. प्रोग्रॅमद्वारे असे उतरवणे जेस्टॉरच्या अटींत बसत नव्हते. जेस्टॉरने वाट अडवली की तो पत्ता बदलून पुन्हा येई. ऑक्टोबरमध्ये तर काही दिवस जेस्टॉरने सगळ्या एमआयटीचाच प्रवेश बंद केला. पुढे त्याने तळघरातल्या तारांच्या खोलीत लॅपटॉप थेट नेटवर्कला जोडून ठेवला. एकूण सुमारे ४८ लाख निबंध उतरवले गेले, असे पुढे आरोपपत्रात म्हटले गेले.

जानेवारी २०११ मध्ये तो लॅपटॉप सापडला. एमआयटीने स्थानिक पोलिसांना बोलावले, त्यांच्याबरोबर सीक्रेट सर्व्हिसचा अधिकारीही आला, आणि ६ जानेवारीला स्वार्ट्झला अटक झाली. त्याने उतरवलेला मजकूर परत केल्यावर जेस्टॉरने जून २०११ मध्ये आपल्यापुरते प्रकरण मिटवले. म्हणजे ज्याचा करार मोडला होता तो पक्ष बाजूला झाला. तरीही पुढच्याच महिन्यात केंद्रीय सरकारी वकिलांनी आरोपपत्र दाखल केले. त्यातली कमाल शिक्षा ३५ वर्षे होती. सप्टेंबर २०१२ मध्ये आरोपांची संख्या चारवरून तेरा झाली. ११ जानेवारी २०१३ रोजी, वयाच्या २६व्या वर्षी, स्वार्ट्झने आपले जीवन संपवले. त्यानंतर खटला मागे घेण्यात आला.

स्वार्ट्झने बंदी चुकवली, ओळख लपवली, आणि त्याच्यामुळे इतर वाचकांची गैरसोय झाली, हे नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न त्या कृत्याला कोणत्या थरावर तोलायचे हा होता. खटल्याचा आधार असलेला १९८६ चा संगणक-गैरवापर कायदा 'परवानगीशिवाय' किंवा 'परवानगीबाहेर' केलेल्या प्रवेशावर उभा आहे. मग परवानगी होती की नव्हती? जुलै २०१३ मध्ये प्राध्यापक हॅल ॲबेलसन यांच्या नेतृत्वाखालच्या समितीने एमआयटीच्या भूमिकेचा अहवाल दिला. समितीला जेवढे समजू शकले त्यानुसार, स्वार्ट्झचा नेटवर्कवरचा प्रवेश परवानगीचा होता की नाही, हे सरकारी पक्षाने किंवा बचाव पक्षाने एमआयटीला विचारलेच नव्हते. एमआयटीनेही तो प्रश्न स्वतःला विचारला नव्हता. संस्था तटस्थ राहिली. परंतु नेटवर्क तिचे होते, पाहुण्यांना दार उघडे ठेवण्याचे धोरणही तिचेच होते. त्या धोरणाचा अर्थ सांगणे तिच्याइतके दुसऱ्या कोणाला जमणार होते?

पुढे ३ जून २०२१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने व्हॅन ब्युरेन खटल्यात याच कायद्याचा अर्थ आवळला. ज्याला माहिती पाहण्याचा हक्क आहे, त्याने ती गैरहेतूने पाहिली एवढ्यावरून या कायद्याखाली गुन्हा होत नाही, असा तो निकाल आहे. अन्यथा कचेरीच्या संगणकावर वर्तमानपत्र वाचणारा नोकरही गुन्हेगार ठरला असता. बंदी चुकवण्याचा स्वार्ट्झसारखा मुद्दा त्यात नव्हता. पण मालकाचा वापर-नियम मोडणे म्हणजे आपोआप फौजदारी गुन्हा नव्हे, एवढे त्याने स्पष्ट केले.

आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याचे कलम ४३ मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीशिवाय माहिती उतरवण्याबद्दल भरपाई ठरवते. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केले, तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. इथेही सगळे 'परवानगी' या शब्दावर येऊन थांबते, आणि विद्यापीठात त्या शब्दाचा अर्थ विद्यापीठाच्या नियमपत्रकातच शोधावा लागतो.

हे पत्रक आता पूर्वीपेक्षा महत्त्वाचे झाले आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या 'एक राष्ट्र, एक सदस्यत्व' योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके ६,३०० हून अधिक सरकारी संस्थांना खुली होत आहेत. ३ वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे. पैसा जनतेचा असला, तरी वाट संस्थेच्या नेटवर्कमधूनच जाते. निवृत्त शिक्षक, तालुक्याच्या गावी इतिहास लिहिणारा, कोणत्याही संस्थेच्या हजेरीपटावर नसलेला माझ्यासारखा अभ्यासक यांना ग्रंथालयात बसून एखादा निबंध वाचता येईल का, हे त्या पत्रकात लिहिलेले नसेल, तर उत्तर खिडकीवरच्या माणसाच्या मर्जीवर राहते. एखाद्या विद्यार्थ्याने अशा माणसाला निबंध काढून दिला, तर तो शेजारधर्म की नियमभंग, हेही मग मोघमच राहते.

म्हणून प्रत्येक विद्यापीठाने आपल्या नियमपत्रकात तीन गोष्टी साध्या मराठीत लिहाव्यात. बाहेरच्या वाचकाला काय खुले आहे. प्रकाशकाशी झालेल्या करारातल्या कोणत्या अटी वाचकाला पाळाव्या लागतील. आणि कोणती चूक संस्थेतच, ऐकून घेऊन, निकालात काढली जाईल व कोणत्या टप्प्यावर पोलिसांना कळवले जाईल. हे आधी लिहून ठेवले, तर अशी वेळ आल्यावर संस्थेला तटस्थतेमागे उभे राहावे लागणार नाही.