हिमस्खलन : कारणे आणि दक्षता

हिमालयाच्या उतारांवर साचलेले हिम वरून एकसंध भासत असले, तरी ते अनेक थरांचे बनलेले असते. प्रत्येक हिमवृष्टीच्या थराचे वजन, ओलावा व घट्टपणा निराळा असतो. जमिनीलगतचे हिम तुलनेने उबदार आणि पृष्ठभागावरील हिम अतिशय थंड असले, म्हणजे खालील बाष्प वर सरकते व साखरेच्या दाण्यांसारखे सुटे स्फटिक तयार होतात. एकमेकांना न चिकटणाऱ्या या स्फटिकांवर जड, घट्ट थर बसला की तो उतार धोकादायक बनतो. नवी हिमवृष्टी, वाऱ्याने आणून टाकलेले हिम, एकाएकी वाढलेली उष्णता, किंबहुना एका माणसाचा भारही तो थर निखळण्यास पुरेसा ठरतो. बहुतेक हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात. त्याहून सौम्य उतारावर हिम सहसा टिकून राहते. फार उभ्या कड्यावर ते साचतच नाही.

सर्व पर्वतराजींत परिस्थिती सारखी नसते. पीर पंजालमध्ये हिमवृष्टी विपुल होते व हिम ओलसर असते. काराकोरममध्ये हिम कोरडे असून कडाक्याची थंडी आणि वारा यांमुळे कमकुवत थर दीर्घकाळ टिकतात.

दि. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीन हिमनदीवरील चौकी हिमाखाली गाडली जाऊन १० जवानांना वीरमरण आले. त्यांत सातारा जिल्ह्यातील एक जवान होता. दि. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी उत्तराखंडातील माणा येथे रस्तेबांधणीवरील ५४ कामगार हिमस्खलनात सापडले. त्यांपैकी ४६ जणांना वाचविण्यात आले. ८ जण दगावले.

पूर्वसूचना व दक्षता

या विषयाच्या अभ्यासासाठी १९६९ मध्ये मनाली येथे संरक्षण खात्याची संस्था सुरू झाली. २०२० मध्ये तिचे विलीनीकरण होऊन चंदीगड येथील संरक्षण भू-माहिती संशोधन संस्था अस्तित्वात आली. हिमस्खलनाच्या धोक्याविषयी तेथून पूर्वसूचना दिल्या जातात.

महाराष्ट्रातूनही गिर्यारोहक व विद्यार्थ्यांची पथके हिमालयात जातात. पथकप्रमुखाने निघण्यापूर्वी स्थानिक प्रशासनाची सूचना पाहावी. मोठ्या हिमवृष्टीनंतर निदान एक-दोन दिवस तीव्र उतार टाळावेत. शेजारच्या उतारावरील ताजे हिमस्खलन अथवा पायाखालून येणारा 'धप्प' असा आवाज ही परतण्याची खूण समजावी. धोक्याचा पट्टा ओलांडणे अपरिहार्य असल्यास एका वेळी एकानेच जावे. इतरांनी सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवावी.

हिमाखाली गाडलेल्या व्यक्तीच्या जगण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते. एवढ्या अवधीत बाहेरील मदत क्वचितच पोहोचते. म्हणून प्रत्येकाजवळ संकेतयंत्र, शोधकाठी व फावडे असावे आणि त्यांच्या वापराचा सराव आधीच झालेला असावा. मात्र ही साधने संकट टाळीत नाहीत. वेळीच मागे फिरण्याचा निर्णय हाच खरा बचाव होय.