घरासाठी रायफल घ्यायचीय? कायद्याचा कल मात्र १२ बोअरकडे

मळ्यातल्या एकट्या घरासाठी बंदूक घ्यायची म्हटलं की आधी रायफलचंच नाव निघतं. पण भारतात आधी परवाना, मग दुकान. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम १३ नुसार संरक्षणासाठी किमान २० इंच लांब, गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे नेहमीची १२ बोअर, मागितली तर अर्जदाराला झुकतं माप मिळतं. रायफलसाठी सबळ कारण पटवून द्यावं लागतं. .३०३ तर प्रतिबंधित, सर्वसामान्यांसाठी.३१५. तिचा नेम चुकला तर गोळी दाराची फळी भेदून पलीकडच्या खोलीत जाऊ शकते, आणि तिथे मुलं झोपलेली असतात. छऱ्यांचा जोर त्या मानाने लवकर ओसरतो. निवडणूक लागली की बंदूक अनेकदा पोलीस ठाण्यात जमा करावी लागते, ते वेगळंच!