शेतमालाची वाहतूक : रस्त्यावरील तपासणी आणि एका गाडीचा मालक

पीक चांगले आले, तोडणी वेळेवर झाली, प्रतवारीही नीट झाली, तरी माल वेळेत बाजारात पोहोचला नाही तर हंगामभराच्या कष्टाचे मोल कमी होते. आपला भाजीपाला, फळे आणि कांदा बाजार समितीपर्यंत नेण्याचे काम बहुतेक ठिकाणी मोठ्या वाहतूक कंपन्या करीत नाहीत. ते काम आपल्याच गावातील किंवा शेजारच्या गावातील, एकच टेंपो अगर ट्रक असलेला मालक करतो. बहुधा तोच चालक असतो आणि गाडीवर कर्जाचा हप्ता असतो. अशी गाडी रस्त्यावर तपासणीसाठी थांबवली आणि तिच्यात दोष निघाला, तर मोठ्या कंपनीप्रमाणे दुसरी गाडी लगेच पाठवण्याची सोय त्याच्याकडे नसते. त्याची रोजी थांबते आणि आपला मालही थांबतो.

मागील हंगामात आमच्या परिसरात असेच घडले. एका तरुणाच्या टेंपोत टोमॅटोचे 160 क्रेट बसत होते. शेतकऱ्याने आग्रह करून आणखी 40 क्रेट चढवले. वाटेत गाडी थांबवून वजन केले तेव्हा सुमारे एक टन जादा भार निघाला. जादा क्रेट उतरवून दुसरी गाडी येईपर्यंत सकाळचा लिलाव होऊन गेला. दंड गाडीवाल्याला बसला, पण दुसऱ्या दिवशी उतरत्या भावात विकलेला माल शेतकऱ्याचा होता. पुढे त्या टेंपोवाल्याने त्या शेतावर येण्याचे बंद केले. या प्रकरणात नुकसान दोघांचेही झाले आणि ते टाळता येण्यासारखे होते.

वजनाचा हिशेब

प्रत्येक मालवाहू गाडीच्या नोंदणी पुस्तकात (आर.सी. बुक) दोन वजने लिहिलेली असतात. एक रिकाम्या गाडीचे वजन आणि दुसरे मालासह जास्तीत जास्त एकूण वजन. दुसऱ्यातून पहिले वजा केले की भरता येणारा भार मिळतो. गाडीचा हौदा किती मोठा आहे यावरून भार ठरवू नये. हौद्यात जागा असली म्हणजे तेवढा भार नेण्याची परवानगी आहे असे होत नाही.

समजा, एका टेंपोचे एकूण वजन 7,000 किलो व रिकामे वजन 3,000 किलो आहे. म्हणजे भार 4,000 किलो. एका भरलेल्या क्रेटचे वजन क्रेटसह 25 किलो धरल्यास 160 क्रेट बसतात. 200 क्रेट भरले तर भार 5,000 किलो होतो, म्हणजे एक टन जादा. क्रेट, ताडपत्री, दोर आणि सोबतची माणसे यांचेही वजन भारातच मोजले जाते. म्हणून काठोकाठ न भरता थोडी सूट ठेवावी.

सन 2018 च्या जुलै महिन्यात केंद्र शासनाने आसांवरील भाराची मर्यादा वाढवली. चार टायर असलेल्या एका आसासाठी ती 10.2 टनांवरून 11.5 टन झाली आणि दोन आसांच्या ट्रकचे एकूण वजन 16.2 टनांवरून 18.5 टनांपर्यंत गेले. मात्र आपल्या गाडीच्या नोंदणी पुस्तकात जे वजन लिहिले आहे तेच तपासणीत धरले जाते. ऐकीव माहितीवर भार वाढवू नये.

दंडाचे प्रमाण

मोटार वाहन कायदा 1988 मधील दुरुस्ती 1 सप्टेंबर 2019 पासून अमलात आली. त्यापूर्वी जादा भारासाठी 2,000 रुपये व प्रत्येक जादा टनामागे 1,000 रुपये दंड होता. दुरुस्तीनंतर कलम 194 प्रमाणे तो 20,000 रुपये व प्रत्येक जादा टनामागे 2,000 रुपये असा झाला. शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च द्यावा लागतो आणि तो उतरवल्याशिवाय गाडी पुढे नेता येत नाही. वजन करण्यासाठी थांबण्यास नकार दिल्यास, किंवा वजन होण्यापूर्वी माल उतरवून टाकल्यास, 40,000 रुपये दंडाची तरतूद आहे. माल हौद्याच्या बाजूंनी, पुढे, मागे किंवा उंचीत मर्यादेबाहेर गेल्यास 20,000 रुपयांची वेगळी तरतूद आहे.

वरील उदाहरणात एका क्रेटचे भाडे 25 रुपये धरले, तर 40 जादा क्रेटमागे सुटणारी रक्कम 1,000 रुपये होते. कायद्यातील दंड मात्र 22,000 रुपये होतो. म्हणजे जादा भाराच्या 22 फेऱ्यांत जे सुटेल ते एका तपासणीत जाते. त्यात हमाली, दुसऱ्या गाडीचे भाडे आणि बुडालेला लिलाव धरलेला नाही.

आणखी एक बाब लक्षात घ्यावी. हे कलम गाडी चालवणाऱ्यापुरते मर्यादित नाही. जो गाडी चालवायला लावतो किंवा चालवू देतो त्यालाही ते लागू होते. म्हणून ‘भर अजून, काही होत नाही’ असा आग्रह शेतकऱ्याने धरू नये.

कागदपत्रे

तपासणी पोलीस किंवा परिवहन विभागाचे मोटार वाहन निरीक्षक करतात. त्यावेळी साधारणपणे पुढील कागदपत्रे पाहिली जातात.

1. नोंदणी पुस्तक.

2. योग्यता प्रमाणपत्र, म्हणजे गाडीचे पासिंग. नवीन मालवाहू गाडीला ते दोन वर्षांचे मिळते. पुढे गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी व त्यानंतर दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. गाडी सुरक्षित असल्याचा हाच मुख्य दाखला होय.

3. विमा. विम्याविना गाडी चालवल्यास पहिल्या वेळी 2,000 व पुन्हा सापडल्यास 4,000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अगर दोन्हीही, होऊ शकते.

4. परवाना (परमिट). एकूण वजन 3,000 किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीस तो लागत नाही. त्यापेक्षा मोठ्या गाडीस लागतो आणि नसल्यास पहिल्या गुन्ह्यालाही 10,000 रुपये दंड व कैदेची तरतूद आहे.

5. प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र (पी.यू.सी.).

6. चालकाचा परवाना. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी दिलेल्या निर्णयानुसार, हलक्या वाहनाचा परवाना असलेल्या चालकास 7,500 किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी चालवता येते. लहान टेंपोच्या चालकांना याचा मोठा आधार झाला आहे.

ही कागदपत्रे डिजिलॉकर किंवा एम-परिवहन या मोबाइल सुविधेत दाखवली तरी ग्राह्य धरली जातात. मोबाइलची बॅटरी संपल्यास अडचण होते, म्हणून झेरॉक्स प्रतींचा एक संच केबिनमध्ये ठेवावा. ताजी फळे व भाजीपाला वस्तू व सेवा करातून मुक्त असल्याने त्यांना ई-वे बिल लागत नाही. तरी शेतकऱ्याचे नाव, गाव, मालाचा प्रकार, नग आणि वजन लिहिलेली साधी चिठ्ठी चालकाजवळ द्यावी.

गाडीतील लहान दोष

रात्रीच्या वाहतुकीत मागील दिवा बंद असणे, दिशादर्शक न लागणे, परावर्तक पट्ट्या नसणे किंवा मळाने झाकल्या जाणे, टायर गुळगुळीत झालेले असणे हे दोष नेहमी आढळतात. टायरच्या खाचांची खोली 1.6 मि.मी. पेक्षा कमी नसावी. पुढे पांढरी आणि मागे लाल पट्टी स्वच्छ दिसली पाहिजे. लोंबणारी ताडपत्री मागील दिवे झाकते, याकडे विशेष लक्ष द्यावे. या दोषांची दुरुस्ती थोड्या खर्चात होते, पण त्यांच्यामुळे अपघात झाल्यास हानी भरून निघत नाही. जादा भाराने ब्रेकवर ताण येतो, गाडी थांबण्यास अधिक अंतर लागते आणि टायर तापून फुटतात. तपासणीमागील खरा हेतू हाच आहे.

मालाच्या थप्पीवर माणसे बसवू नयेत. मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी यांना विम्याचे संरक्षण 1994 च्या कायदादुरुस्तीने मिळाले आहे. परंतु वाटेत चढवलेल्या किंवा फुकट बसवलेल्या माणसांना ते मिळत नाही. अपघात झाल्यास भरपाईचा बोजा एकट्या गाडीमालकावर येतो आणि त्याची गाडीच काय, जमीनही जाण्याची वेळ येते.

तपासणीच्या वेळी

गाडी बाजूला घेऊन शांतपणे थांबावे, कागदपत्रे दाखवावीत आणि माल नाशवंत असल्याचे नम्रपणे सांगावे. वजनाबाबत शंका असल्यास काट्याची पावती मागावी. दंड ई-चलानाद्वारेच भरावा व पावती घ्यावी. पावतीशिवाय पैसे देऊ नयेत. चलान चुकीचे वाटल्यास रस्त्यावर वाद न घालता रीतसर तक्रार करावी किंवा न्यायालयात बाजू मांडावी. चलाने साचू देऊ नयेत. ती गाडीच्या क्रमांकावर नोंदलेली राहतात आणि पुढे आर.टी.ओ. कार्यालयातील कामे अडतात. ज्याच्याकडे एकच गाडी आहे त्याचे सर्व काम त्या एकाच क्रमांकावर अवलंबून असते.

शेतकऱ्याने काय करावे

1. भाडे फेरीवर न ठरवता क्विंटलवर किंवा क्रेटवर ठरवावे. म्हणजे जास्त भरण्याचा मोह शेतकऱ्याला राहत नाही.

2. गाडी ठरवतानाच पासिंग, विमा आणि भार यांची विचारणा करावी.

3. माल जास्त असल्यास शेजारच्या शेतकऱ्याबरोबर मिळून दुसरी गाडी करावी.

4. भरलेली गाडी जवळच्या काट्यावर तोलून मगच हमरस्त्याला लावावी. काट्याचे शुल्क दंडाच्या मानाने नगण्य असते.

5. टोमॅटोसारखा माल दूरच्या बाजारासाठी रंग बदलू लागताच तोडावा, म्हणजे वाटेत काही तास गेले तरी टिकतो. गाडी निघण्याच्या वेळेत तास-दीड तासाची सवड ठेवावी.

गाडीवाला हा आपल्या शेतीचाच एक भाग आहे. बियाणे घेताना आपण पिशवीवरील खूणचिठ्ठी वाचतो. त्याचप्रमाणे माल चढवण्यापूर्वी गाडीचे नोंदणी पुस्तक एकदा वाचावे. त्यास पाच मिनिटे लागतात आणि त्यामुळे आपला लिलाव व गाडीवाल्याचा हप्ता दोन्ही वाचतात.