ढेकणांची लाज कशाला?

मुलांनो, तुम्ही घरी ज्याला खटमल म्हणता, त्याला मराठीत ढेकूण म्हणतात. हा शब्द ऐकला की वर्गात कोणी नाक मुरडते, कोणी हसते. 'आमच्या घरी ढेकूण झाले आहेत' असे मात्र कोणीच म्हणत नाही. डास चावले तर आपण मोठ्याने सांगतो. साखरेत मुंग्या झाल्या तरी सांगतो. मग ढेकणाचेच नाव घ्यायला लाज का वाटते?

मी सहावीत होतो तेव्हाची गोष्ट सांगतो. आम्ही मुंबईला मदनपुऱ्यात एका चाळीत राहत होतो. एका सकाळी माझ्या लहान बहिणीच्या हातावर तीन-चार लाल गांधी दिसल्या. अम्मीने गादी उलटली. गादीच्या शिवणीत ढेकूण दडले होते. अम्मीने सर्वांत आधी काय केले असेल? तिने दार लावून घेतले. "बाहेर कोणाला सांगू नका," असे तिने आम्हांला बजावले. त्या महिन्यात खाला राहायला येणार होती. तिलाही काहीतरी निमित्त सांगून अम्मीने टाळले.

अम्मी खाटेच्या सांध्यांत उकळते पाणी ओतायची. आठ-दहा दिवस बरे जात. मग पुन्हा गांधी उठत. असे का होत होते, ते समजण्यासाठी ढेकणाची थोडी माहिती करून घेऊ.

ढेकूण मसुराच्या डाळीएवढा, चपटा आणि तपकिरी असतो. त्याला उडता येत नाही, तो चालतो. दिवसा तो खाटेच्या सांध्यात, गादीच्या शिवणीत, भिंतीच्या भेगेत किंवा कॅलेंडरच्या मागे दडून बसतो. रात्री आपल्या श्वासातून निघणारा कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब यांच्या मागावर तो येतो आणि पाच-दहा मिनिटे रक्त पितो. मादी दिवसाला एक ते पाच अंडी घालते. त्यांतून साधारण दहा दिवसांत पिल्ले निघतात. रक्त मिळाले नाही तरी मोठा ढेकूण कित्येक महिने जगू शकतो.

आता नीट लक्ष द्या. ढेकूण रक्ताशिवाय दुसरे काहीच खात नाही. खरकटे, कचरा, धूळ यांच्याशी त्याला देणेघेणे नाही. घरात पसारा असेल तर त्याला दडायला जागा जास्त मिळते, एवढेच. तो प्रवासाच्या पिशवीतून, जुन्या फर्निचरमधून, पाहुण्यांच्या वळकटीतून येतो. २०२३ साली पॅरिस शहरात ढेकणांमुळे मोठी घबराट उडाली होती. त्याच वर्षी फ्रान्सच्या सरकारी आरोग्य-सुरक्षा संस्थेने एक अहवाल प्रसिद्ध केला. २०१७ ते २०२२ या काळात तेथील शंभरांपैकी सुमारे ११ घरांत ढेकूण झाले होते आणि घरच्या उत्पन्नाशी त्याचा संबंध नव्हता. ढेकणाच्या चावण्याने खाज सुटते, झोप मोडते. पण तो माणसांत एखादा रोग पसरवतो असे आढळलेले नाही.

आमच्या चाळीत भिंतीपलीकडे एक आपा राहत. एकदा त्या मीठ मागायला आल्या आणि त्यांनी उकळत्या पाण्याचे पातेले पाहिले. अम्मी गोरीमोरी झाली. आपा हसून म्हणाल्या, "तुमच्याकडेही? अहो, मी तर रात्री दिवा न लावता पाणी तापवते!" दोन्ही घरे एकमेकींपासून लपवत होती आणि ढेकूण मधल्या भिंतीच्या भेगेतून खुशाल ये-जा करत होते. आम्ही इकडे पाणी ओतले की काही तिकडे जात. त्यांनी ओतले की इकडे येत.

पुढच्या रविवारी मजल्यावरच्या सहाही बिऱ्हाडांनी खाटा गॅलरीत काढल्या. सांध्यांत उकळते पाणी ओतले, चादरी गरम पाण्यात उकळल्या, भिंतींच्या भेगा बुजवल्या. अंड्यांतून नवी पिल्ले निघतात म्हणून दहा दिवसांनी पुन्हा तेच केले, आणि नंतरही एकदा केले. नुसत्या उन्हावर विसंबलो नाही, कारण ऊन लागले की ढेकूण सावलीच्या फटीत सरकतो.

औषधाबद्दलही सांगायला हवे. जुनी औषधे ढेकणांना पुरत नाहीत. डीडीटीला दाद न देणारे ढेकूण हवाई बेटांवर १९४७ सालीच आढळले होते. लाजेपोटी काही लोक गुपचूप, धान्याला लावायच्या विषारी गोळ्या आणून खोलीत ठेवतात. त्यांतून निघणाऱ्या वायूने घरातली आणि शेजारचीही माणसे दगावली आहेत. या गोळ्यांना कधीही हात लावू नका. औषध मारायचे तर जाणकार माणसाला बोलवावे आणि शेजाऱ्यांना आधी कळवावे.

शिक्षक झाल्यावर माझ्या एका वर्गात एका मुलाच्या कॉलरवर ढेकूण दिसला. मुले ओरडली, दूर सरकली. तो मुलगा तीन दिवस शाळेत आला नाही. चौथ्या दिवशी मी आणि शिपाईमामांनी त्याचा बाक उलटा केला. लाकडाच्या फटींत ढेकूण भरलेले होते. दोन्ही पाळ्या मिळून त्या बाकावर सहा मुले बसत होती. संध्याकाळी मी त्या मुलाच्या घरी गेलो.