विहिणींनी एकमेकींना सांगायची गोष्ट

सुनेला दिवस गेल्याचे कळले की घरात चौकशांना ऊत येतो. डोहाळे कसले लागले, बाळंतपण माहेरी की सासरी, डोहाळजेवण कधी करायचे? एक प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही. दोघांच्या आयांना त्यांच्या बाळंतपणात रक्तदाबाचा त्रास झाला होता का? हा प्रश्न माहेरी विचारायला हवा, तसाच सासरीही.

गर्भारपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर गेला आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागली, किंवा यकृत-मूत्रपिंडावर परिणाम दिसू लागला, तर त्याला प्री-एक्लाम्प्सिया म्हणतात. झटके आले की एक्लाम्प्सिया. अशा वेळी आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो. जगभरात शंभरातल्या साधारण दोन ते आठ गर्भवतींना प्री-एक्लाम्प्सिया होतो.

लेकी आणि सुना

हा विकार घराण्यात चालतो, हे लिऑन चेस्ली यांनी चिकाटीने दाखवून दिले. अमेरिकेतील जर्सी सिटीच्या मार्गारेट हेग प्रसूतिगृहात १९३१ पासून एक्लाम्प्सिया झालेल्या स्त्रियांचा त्यांनी अनेक दशके मागोवा घेतला. त्या स्त्रियांच्या लेकींपैकी साधारण चारातल्या एकीला प्री-एक्लाम्प्सिया झाला. सुनांमध्ये हे प्रमाण पुष्कळच कमी होते. म्हणजे वारसा आईकडून लेकीकडे जातो, असेच कुणालाही वाटावे.

पण गोष्ट तेवढ्यावर संपली नाही. नॉर्वेत देशातल्या जन्मांची नोंद पिढ्यान् पिढ्या जोडून पाहता येते. तिथल्या २००५ च्या अभ्यासात, आईला हा विकार झालेला असेल तर लेकीचा धोका दुपटीहून अधिक आढळला. आणि अशा आईच्या मुलापासून दिवस गेलेल्या स्त्रीचा धोकाही सुमारे दीडपट!

सासूचे दुखणे सुनेकडे कसे आले? उत्तर वारेत आहे. वार वाढते ती बाळाच्या बाजूने, आणि बाळाची निम्मी जनुके वडिलांची असतात. २००३ मध्ये बोस्टनमधील डॉ. अनंत करुमांची आणि सहकाऱ्यांनी दाखवले की या विकारात वार एक प्रथिन आईच्या रक्तात जास्त सोडते. त्यामुळे आईच्या रक्तवाहिन्या बिघडतात. हे प्रथिन ज्या जनुकापासून तयार होते, ते तेराव्या गुणसूत्रावर आहे. २०१७ मध्ये युरोपातील संशोधकांना बाळाच्या जनुकसंचात नेमक्या याच जागेजवळ धोका वाढवणारा फरक सापडला.

म्हणून हा दोष कुणा एका घराण्याच्या माथी मारण्याचे कारण नाही. इथे एकच एक जनुक नाही. पुष्कळ लहानलहान गोष्टी एकत्र येतात. पहिली खेप, जुळे, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, आधीपासूनचा रक्तदाब, वाढलेले वजन यांचाही वाटा असतो. घरात हा त्रास होऊन गेलेल्या बहुतेक स्त्रियांचे बाळंतपण सुखरूप पार पडते. आणि घरात कुणालाच झाला नव्हता, तरीही तो होऊ शकतो.

विचारायचे कसे?

आईला किंवा सासूबाईंना त्या दुखण्याचे नाव ठाऊक नसेल. तेव्हा असे विचारावे: हातापायांवर, चेहऱ्यावर फार सूज आली होती का? झटके आले होते का? रक्तदाबामुळे आठव्या महिन्यातच सोडवावे लागले का? बहिणींनाही विचारावे.

मिळालेले उत्तर पहिल्याच तपासणीत डॉक्टरांना सांगावे, कारण इथे वेळेला मोल आहे. ज्यांना धोका अधिक त्यांना डॉक्टर ॲस्पिरिनची छोटी मात्रा देतात. ती सोळाव्या आठवड्याआधी सुरू झालेली बरी. २०१७ च्या एका मोठ्या चाचणीत धोका अधिक असलेल्या स्त्रियांना रोज १५० मिलिग्रॅम दिल्यावर, मुदतीआधी बाळंतपण करावे लागणारा प्री-एक्लाम्प्सिया ६२ टक्क्यांनी कमी झाला. मात्र ही गोळी स्वतःच्या मनाने घ्यायची नव्हे.

पुढे दर तपासणीला रक्तदाब आणि लघवी पाहून घ्यावी. डोके असह्य दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, बरगड्यांखाली पोटात कळ, चेहऱ्यावर एकाएकी सूज, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नये.

दोन विहिणी ओटीभरणाला भेटतातच. पण हे बोलणे त्याच्या कितीतरी आधी, तिसरा महिना सरण्यापूर्वीच व्हायला हवे.